लाल खोली, पांढरी खोली

माझे मेव्हणे खिशात दोन रुमाल बाळगत. डाव्या खिशात पांढरा, उजव्या खिशात तांबड्या काठाचा. एका रुमालाला पुसलेला हात चुकून दुसऱ्याला लागू नये म्हणून ते शिंकतानासुद्धा विचार करून शिंकत. नंदुरबारच्या बाजारात लोक म्हणत, मास्तर शिंकायच्या आधी मुहूर्त बघतात. मेव्हण्यांच्या कानावर ते गेलं होतं. ते म्हणाले, "हसू द्या. निसर्गाला दयामाया नसते, नियम असतात. हसणाऱ्यालाही तेच आणि रडणाऱ्यालाही तेच."

मी त्यांना दाजी म्हणत असे. त्यांच्याविषयी माझ्या मनात आज जे आहे ते चांगलं नाही. तरी तोंडून अजून 'ते'च येतं, 'तो' येत नाही.

दाजी इंग्रजी शाळेत शास्त्र शिकवत. तापीकाठच्या शेतकऱ्याचं पोर, भावकीत पहिलंच शिकलेलं. आमच्या वडिलांनी रनाळ्याहून मुद्दाम जाऊन ते स्थळ पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं, "पोरगा हुशार शे. पण दखाले गयं का आपलाच आंगवर धावस." म्हणजे वडील त्याला बघायला गेले, तर उलट त्यानेच वडिलांची परीक्षा घेतली होती: पाणी उकळताना बुडबुडे येतात ते कशाचे? वडिलांना सांगता आलं नाही. तरी लग्न जमलं. माझी अक्का त्या घरात गेली आणि बोलायची कमी झाली.

त्याचं कारण साधं होतं. दाजींना अहिराणी चालत नसे. स्वतः त्याच बोलीत वाढलेले, पण पुण्याला दोन वर्षं राहून आले आणि ती भाषा त्यांनी अंगावरचा जुना सदरा काढावा तशी काढून टाकली. अक्का म्हणायची, "चहा ठेयेल शे." ते म्हणायचे, "ठेवला आहे." ती म्हणायची, "भाऊ उना." ते म्हणायचे, "आला." रागाने नव्हे, अगदी शांतपणे, वहीतलं शुद्धलेखन तपासावं तसं. दर वाक्याला असं झालं की माणूस वाक्यंच करत नाही. मी स्टेशनावर मालधक्क्याचा कारकून होतो, दुपारी कधी तिच्याकडे डोकावत असे. दाजी घरात नसले की ती तासभर बोले. दाजींची चप्पल वाजली की उठून आत जाई.

पण दाजींचं जे श्रेय आहे ते द्यायला हवं. त्या काळात आमच्या जातीतला माणूस मुसलमानाच्या घरी जेवला तर जातपंचायत बसे. दाजी ईदला लाकूडवाल्या व्यापाऱ्याच्या ओट्यावर सगळ्यांच्या देखत बसून जेवले. पंच घरी आले तेव्हा त्यांनी विचारलं, "माझ्या पोटात गेलेल्या अन्नात आता काय फरक पडलाय, तपासून दाखवता?" पंच चहा न घेता परतले. अक्काला महिन्याचे चार दिवस बाजूला बसावं लागत नसे. तिने हे मला कधी सांगितलं नाही, आईला सांगितलं, आणि आईने मला सांगितलं तेव्हा आईच्या आवाजात मत्सर होता. विटाळ हा शब्द त्या घरात उच्चारायची बंदी होती.

मग स्वदेशीचे दिवस आले. विलायती कापडाच्या होळ्या झाल्या. दाजी एका होळीला हजर होते. ती पेटवायला कोणीतरी काडी ओढली, तर पेटी निघाली परदेशी. दाजी तिथेच मोठ्याने हसले. लोकांना राग आला. आठवड्याच्या आत त्यांनी शाळेचा राजीनामा दिला आणि रनाळ्याच्या रस्त्याला एक बंद पडलेलं जिनिंगचं शेड भाड्याने घेऊन काडेपेटीचा कारखाना काढला.

सातपुड्यातून, तोरणमाळच्या अंगाने, सालईचं लाकूड गाड्यांनी यायचं. मऊ, सरळ धाग्याचं. त्याच्या काड्या शेडच्या अंगणात वाळत पडायच्या. रसायनं रेल्वेने मुंबईकडून येत आणि माझ्याच धक्क्यावर उतरत. दाजी स्वतः न्यायला यायचे. पोटॅशचे डबे एका गाडीतून न्यायचे आणि लाल फॉस्फरसचे दुसऱ्या, तेही दुसऱ्या दिवशी. मी एकदा म्हटलं, "दाजी, दोन्ही बंद डब्यात आहेत. एकाच गाडीत टाकले तर भाडं वाचेल."

त्यांनी मला धक्क्यावर उभं करून समजावलं. काडीच्या डोक्याला जे गुल असतं त्यात पोटॅश. पेटीच्या कडेला जी तांबडी पट्टी असते तिच्यात लाल फॉस्फरस. काडी पट्टीवर ओढली की कणभर हा आणि कणभर तो भेटतो आणि ठिणगी पडते. "कणभर भेटले तर तुझा चहा होतो," ते म्हणाले. "चमचाभर कोरडे भेटले आणि नुसता धक्का लागला, तर चहा करणारा उरत नाही. त्यांना आग लावावी लागत नाही बेटा, नुसतं घासलं तरी पुरतं."

म्हणून शेडमध्ये दोन खोल्या. एकीचं दार पांढरं, एकीचं लाल. पांढऱ्या खोलीत गुल तयार होई, लाल खोलीत पट्टीचा लेप. पांढरीची माणसं वेगळी, लालची वेगळी. कुंचे, घमेली, चाळण्या, पाण्याच्या बादल्या सगळं वेगळं. संध्याकाळी सुटताना बायकांनी अंगणात लुगड्याचे पदर झटकायचे, तेही वेगवेगळ्या कोपऱ्यांत. गाव काय ते समजून गेलं. ज्याने घरातून विटाळ हाकलला त्याने तो कारखान्यात आणून बसवला, असं लोक म्हणू लागले. दाजींना यातलं हसण्यासारखं काही दिसत नसे.

लाल खोलीवर हमीदाबी नावाची बाई होती. तिची धाकटी जाऊ पांढऱ्या खोलीत. दोघी एकाच घरातून येत, एकाच चुलीवर जेवत. दाजींनी त्यांना वेगवेगळ्या वेळी सोडायला सुरुवात केली आणि वेगवेगळ्या रस्त्याने घरी जायला लावलं. हमीदाबी मला म्हणाली होती, "मास्टर हमारे घर में भी दो दरवाजे लगवा देगा." पण तिने नियम पाळले. मी पाहिलंय, ती नखांतला लाल रंग काडीने कोरून काढल्याशिवाय घरी जात नसे.

एकदा वैशाखात धाकट्या जावेला पांढऱ्या खोलीत घेरी आली. तिला चौथा महिना होता. ती पडली ते दारातून हमीदाबीला दिसलं आणि ती उठून तशीच आत धावली. जावेला उचलून बाहेर आणलं, तोंडावर पाणी मारलं. दाजी आले. त्यांनी आधी जावेकडे पाहिलं नाही. हमीदाबीच्या हातांकडे पाहिलं. ते लाल होते.

"उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले.

"मास्टर, वो गिर गई थी."

"तुमच्या हाताला जे आहे ते त्या खोलीत सांडलं असतं, तर ती एकटी नसती गेली. अकरा बायका होत्या आत."

बाकीच्या बायका काम थांबवून बघत होत्या. हमीदाबीने हात धुतले, पदर झटकला, नेमून दिलेल्या कोपऱ्यातच झटकला, आणि गेली. अक्काने सांगितलं म्हणून मी दाजींकडे रदबदली केली. ते म्हणाले, "मी बरोबर होतो की नव्हतो?" ते बरोबर होते.

त्यांच्या काड्या मात्र खपेनात. पावसाळ्यात पट्टी ओलावायची. शेतकऱ्यांना कशावरही ओढली की पेटणारी विलायती काडी हवी असे. मंगळवारच्या बाजारात दाजी स्वतः पेट्या घेऊन बसले होते, तेव्हा एक म्हातारा सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, वावरमा घामघाई पेटी ओली हुई जास. मंग काडी घासू कोठे, तुम्हना टक्कलवर?" मिरचीच्या ढिगांमागून सगळा बाजार हसला. त्या दिवशी मी दाजींचा चेहरा पाहिला. त्यांनी पेट्या गोळा केल्या, नीट रचल्या आणि घरी गेले.

त्यानंतर त्यांच्या डोक्यात ते शिरलं. कशावरही ओढली तरी पेटणारी स्वदेशी काडी. त्यासाठी जे एकत्र आणायचं नाही ते काडीच्या एकाच डोक्यात आणायला हवं. त्यांची समजूत अशी होती की सरसात ओलं कालवलं, त्यात खडूची भुकटी जास्त घातली, तर दोघं एकमेकांशेजारी गुमान राहतील. असेलही. मला शास्त्र कळत नाही. पण हा प्रयोग ते कारखान्यात करू शकत नव्हते, कारण कारखान्यात नियम होता आणि नियम त्यांनीच केला होता. बायकांच्या देखत पांढऱ्या खोलीतला डबा लाल खोलीत नेणार कसा? म्हणून त्यांनी दोन्ही डबे घरी आणले. अक्काच्या स्वयंपाकघरात.

त्यांचा चिनी मातीचा खल तडकला होता. त्यांनी अक्काचा दगडी घेतला. चैत्र होता. सकाळी शेडवर जायच्या आधी त्यांनी त्यात कालवलं, चारदोन काड्या बुडवून पाहिल्या, आणि खल खिडकीत ठेवून निघून गेले. खिडकीत ऊन यायचं. दुपारपर्यंत खलाच्या तळाशी जे काही होतं ते खडखडीत वाळलं.

मी धक्क्यावर होतो. आवाज ऐकला. धुक्यात गाडीला इशारा देण्यासाठी रुळावर फटाके लावतात, तसला आवाज. मला वाटलं, उन्हाळ्यात फटाका कोणी लावला? मग हमीदाबी धावत आली. ती अक्काच्या मागच्याच गल्लीत राहायची. "भाई, जल्दी चल," ती म्हणाली. "मास्टरनी के घर में कुछ फटा."

मी पोचलो तेव्हा अक्का चुलीशी बसली होती. उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. चेहऱ्यावर तिखट होतं आणि रक्त होतं आणि कुठलं काय ते कळत नव्हतं. ती ओरडत नव्हती. "भाऊ, दिवा लाव ना," ती म्हणाली. बाहेर टळटळीत दुपार होती.

सरकारी दवाखान्यात दुसऱ्या दिवशी फौजदार आला. तो काळ वाईट होता. बंगालकडच्या बॉम्बच्या बातम्या येत होत्या, आणि ज्याच्या घरी पोटॅश सापडेल त्याच्यामागे सरकार लागत होतं. दाजी खाटेच्या पायथ्याशी उभे होते, स्वच्छ धुतलेल्या धोतरात. फौजदाराने विचारलं, हे मिश्रण काय होतं, घरात कसं आलं?

दाजी म्हणाले, "काडेपेटीचा नमुना. थोडासाच. आणि हिला मी सांगितलं होतं, खलाला हात लावू नकोस."

फौजदार अक्काकडे वळला. तिच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. तिने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाली, "मन्हीच चूक शे. त्यास्नी सांगेल व्हतं. मी इसरनू."

फौजदाराने ते लिहून घेतलं आणि गेला. दाजींवर खटला झाला नाही. कारखाना मात्र सरकारी हुकुमाने बंद झाला. चार दिवसांनी, दाजी नसताना, अक्का मला म्हणाली, "माले त्यास्नी काहीच सांगं नव्हतं रे भाऊ. तळले लाल दिसनं, माले वाटनं मांगला खेपनं तिखट चिकटेल शे. वरतून मिरच्या टाक्यात आणि बत्ता हाना." आणि लगेच शपथ घातली, कुठे बोलायचं नाही. "त्यास्ले जेलमा टाकतीन."

मला वाटलं, तुरुंगाची भीती गेल्यावर ते एकदा तिच्याजवळ बसतील. चार भिंतींत, कोणी नसताना, एक वाक्य बोलतील. तेवढं पुरलं असतं तिला, ती तशी होती. जखमा धुवायला रोज हमीदाबी येत होती, तिला कोणी बोलावलं नव्हतं. दाजी त्या वेळी ओट्यावर बसून वाचत असत.

ते पुन्हा शाळेत लागले. आणि मग त्यांनी व्याख्यानं सुरू केली. विषय होता, न जुळणारी द्रव्ये. ते लोखंडी पत्र्यावर दोन रंगांच्या दोन चिमट्या ठेवत, पिसाने हलकेच एकत्र करत आणि लांब दांड्याच्या हातोडीने टोला देत. फाडकन आवाज व्हायचा, पोरं दचकायची, मग टाळ्या. बोलत सुंदर. शहादा, दोंडाईचा, धुळे, सगळीकडून बोलावणी यायची. सांगत ते सगळं खरं होतं. कुठला डबा कशाशेजारी ठेवू नये, भांडी का बदलावीत, वाळलेल्या लेपाला आधी पाणी का घालावं. त्या व्याख्यानांनी कोणाचे हात वाचले असतील. नाही म्हणणार नाही.

पण शेवटी ते एक गोष्ट सांगत. पहिल्यांदा ती एका अडाणी बाईची होती, जिला सांगूनही कळलं नाही. पुढे ती माझ्या पत्नीची झाली. 'सांगितलं होतं'चं 'बजावून सांगितलं होतं' झालं. मग 'तीनदा सांगितलं होतं'. आणि एका वर्षी ते अक्काला म्हणाले, "तू चल. लोकांनी प्रत्यक्ष पाहिलं तर परिणाम होतो."

ती गेली. दोंडाईच्याला गेली, शहाद्याला गेली. खुर्चीवर बसायची, हात मांडीवर. ते तिचा उजवा हात उचलून सभेला दाखवायचे. हे मला बाहेरच्या माणसाकडून कळलं. मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बसनंच तं ऱ्हास."

नंदुरबारच्या शाळेतल्या व्याख्यानाला मी मुद्दाम गेलो. सभागृह भरलं होतं, गावची प्रतिष्ठित मंडळी पुढे, मागे पडद्याआड थोड्या बायका. हातोडी झाली, टाळ्या झाल्या. दाजींनी अक्काचा हात वर उचलला. "हिला मी तीनदा सांगितलं होतं," ते म्हणाले.

अक्काने हात काढून घेतला.

"नही," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण सभागृह शांत होतं. "त्यास्नी माले एकदाबी सांगेल नव्हतं. खलमा काय शे हाई माले ठाऊक नव्हतं. ते त्यास्नीच तठे ठेयेल व्हतं."

इतक्या वर्षांत मी तिला नवऱ्यासमोर इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. कोणीतरी पोर तिच्या बोलण्याला हसलं. पडद्यामागून हमीदाबीचा आवाज आला, "सच बोली." पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मी दाजींकडे पाहत होतो. मला खरंच वाटलं, आता ते बोलतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अपघातापासून हिचं चित्त ठिकाणावर नसतं," ते हळू आवाजात म्हणाले. "सभेने क्षमा करावी."

आणि सभेने केली. हेडमास्तर उठले, अशा दुःखातही लोकशिक्षणाचं व्रत सांभाळणाऱ्या गुरुजींविषयी चार शब्द बोलले. हार घातला. टाळ्या आधीपेक्षा मोठ्या होत्या. अक्का खुर्चीवरून उठून हाताने हवा चाचपडत होती. मी व्यासपीठावर गेलो. "चाल भाऊ," ती म्हणाली. मी तिला टांग्यात बसवलं आणि रनाळ्याला घेऊन आलो. त्यानंतर ती आमच्याकडेच राहिली. दाजी न्यायला आले नाहीत. व्याख्यानं चालू राहिली. ती गोष्टही चालू राहिली, म्हणे. तिला शेवट तेवढा नवा जोडला होता, की त्या धक्क्याने बिचारीला वेड लागलं.

पुष्कळ वर्षांनी त्यांचा निरोप आला. पेन्शनीत होते, नंदुरबारातच दोन खोल्यांत एकटे राहत होते, छातीचं दुखणं होतं. मी अक्काला विचारलं, येतेस का. ती नको म्हणाली. मी गेलो. फार वाळले होते. मला ओळखलं, उशाशी बसायला सांगितलं. आधी पावसापाण्याचं विचारलं. मग म्हणाले, "तू त्या वेळी जवळ होतास. तुला आठवत असेल. मी तिला सांगितलं होतं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यात लबाडी नव्हती. मी ती शोधली, कारण मला ती हवी होती. ते मला खोटं बोलायला सांगत नव्हते. त्यांना ते खरोखर तसंच आठवत होतं. सकाळची वेळ, खिडकीतला खल, दारातून मागे वळून दिलेली ताकीद. इतक्या सभांमध्ये सांगून सांगून त्यांनी ती सकाळ पक्की करून टाकली होती.

"नाही दाजी," मी म्हणालो. "तुम्ही सांगितलं नव्हतं."

फळ्यापाशी सोपं गणित चुकवलेल्या पोराकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, थोड्या दयेने.

"चूक," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

घरी आलो तेव्हा अक्का ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती, डाव्या हाताने, उजव्याच्या उरलेल्या दोन बोटांत शेंग धरून. तिने विचारलं, मी सगळं सांगितलं. लपवलं नाही. ती ऐकत होती, दाणे वाटीत पडत होते.

"तसंच मरू दे त्यास्ले," ती म्हणाली. "खरं समजीसन मराले बी छाती लागस."

मग तिने वाटी माझ्याकडे सरकवली आणि आत जेवायला चल म्हणाली. दाजी पुढच्या पंधरवड्यात गेले. लोक सांगतात, अक्काने नवऱ्याला क्षमा केली होती. केली असेल. तिने मला तसं कधी सांगितलं नाही, आणि मी माझ्यापुरतं सांगतो, मी केलेली नाही.